खारवट जमिनीतील दडलेली विषद्रव्ये

पाटाच्या पाण्याखाली आलेल्या जमिनीत क्षार वर येऊ लागले, की त्याची खूण शेतकऱ्यास लवकर पटते. उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर पांढरा फुलोरा धरतो, उगवण विरळ होते, उसाची पाने टोकाकडून करपतात आणि पावसानंतर वाफसा लवकर येत नाही. हे क्षार डोळ्यांस दिसतात आणि जिभेस लागतात. परंतु त्यांच्या सोबतीने कित्येकदा अशी काही द्रव्ये जमिनीत व पाण्यात साठत जातात, की ज्यांस रंग नाही, रुची नाही व वासही नाही. पीक हिरवेगार उभे असते, आणि त्याच पिकाचा चारा खाणाऱ्या जनावराचे खूर मात्र तडकू लागतात. सेलेनियम, बोरॉन, मॉलिब्डेनम, आर्सेनिक व कॅडमियम ही त्या द्रव्यांपैकी प्रमुख होत. क्षारपड जमिनीची सुधारणा हाती घेणाऱ्या प्रत्येक गावाने त्यांची ओळख करून घेणे हिताचे आहे.

सूक्ष्मद्रव्ये व त्यांचे मोजमाप

जमिनीत जी द्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात त्यांस सूक्ष्मद्रव्ये म्हणतात. त्यांचे प्रमाण शेकड्यात न सांगता दशलक्ष भागांत किती भाग असे सांगतात. एक हजार लिटर पाण्यात एक ग्रॅम द्रव्य विरघळले, तर ते दशलक्षांत एक भाग झाले. यांपैकी काही द्रव्ये जीवनास आवश्यकही आहेत. बोरॉन नसेल तर पिकास फूल व फळ नीट धरत नाही. सेलेनियम हे तर फार काळ केवळ विष म्हणून ओळखले जाई, परंतु ते प्राण्यांच्या शरीरास थोडेसे लागते असे १९५७ साली सिद्ध झाले. जनावराच्या कोरड्या चाऱ्यात दशलक्षांत ०.१ ते ०.३ भाग सेलेनियम पुरेसे होते, आणि तेच ५ भागांच्या वर गेले की चारा धोक्याचा ठरतो. आवश्यकता व विषबाधा यांमधील अंतर इतके थोडे असल्याने येथे नुसत्या अंदाजावर विसंबून चालत नाही.

रोग एकाचा, दोष दुसऱ्यास

या विषद्रव्यांविषयीचा गैरसमज जुना आहे. अमेरिकेतील डाकोटा प्रदेशात फोर्ट रँडल या लष्करी ठाण्यावरील घोड्यांच्या आयाळीचे व शेपटीचे केस गळून त्यांचे खूर सुटू लागल्याची नोंद तेथील डॉक्टरांनी १८५६ च्या सुमारास केली होती. पुढे त्या भागात वसाहत करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गुराढोरांतही तीच लक्षणे दिसू लागली. पाणी खारट असल्यामुळेच असे होते अशी समजूत होऊन या विकारास ‘अल्कली रोग’ म्हणजे क्षाररोग असे नाव पडले. १९३० नंतरच्या दशकात धान्याची व चाऱ्याची तपासणी झाली, तेव्हा खरा अपराधी सेलेनियम असल्याचे उघडकीस आले. खारट पाण्यास दोष देऊन लोक स्वस्थ राहिले होते आणि विष मात्र चाऱ्यातून पोटात जात होते.

क्षार आणि विषद्रव्ये यांची सोबत

ही द्रव्ये क्षारांबरोबर का आढळतात, हे समजणे कठीण नाही. भूजलाची पातळी जमिनीच्या पृष्ठभागापासून दीड-दोन मीटरपर्यंत आली, की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते. उन्हाने पाण्याची वाफ होते व त्यात विरघळलेले सर्व काही मागे राहते. मीठ राहते तसेच बोरॉनही राहते आणि सेलेनियमही राहते. वर्षानुवर्षे ही क्रिया चालू राहिली म्हणजे खोलवर पसरलेले द्रव्य वरच्या हातभर थरात एकवटते.

दुसरे कारण रासायनिक आहे. सेलेनियम हे गंधकाचे भावंड आहे. हवा खेळती असलेल्या व विम्लधर्मी जमिनीत त्याचे सेलेनेट बनते. ते सल्फेटाप्रमाणेच पाण्यात सहज विरघळते, पाण्याबरोबर वाहते आणि पिकाच्या मुळांस ते गंधकच वाटते. याउलट, पाणी तुंबून हवा कोंडलेल्या चिखलात सेलेनियम बहुतांशी बांधले जाते. आर्सेनिकाची रीत नेमकी उलटी आहे, कारण पाणी तुंबले म्हणजे ते मातीतून सुटून मोकळे होते. मॉलिब्डेनम विम्ल जमिनीत अधिक सुटे होते. कॅडमियमाचा संबंध मिठाशी येतो. ते मिठातील क्लोराईडाशी संयोग पावून मातीच्या पकडीतून निसटते व पिकात शिरते. ऑस्ट्रेलियात बटाट्याच्या पिकाची पाहणी झाली तेव्हा, ज्या जमिनीत क्लोराईड अधिक तेथील बटाट्यांत कॅडमियमही अधिक, असे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे मातीत विषद्रव्य तेवढेच असूनही केवळ खारटपणा वाढल्याने ते अन्नात अधिक येऊ शकते.

सॅन वॉकीन खोऱ्याची कहाणी

या विषयाचा सर्वांत मोठा व सर्वांत कडू अनुभव कॅलिफोर्निया राज्यातील सॅन वॉकीन खोऱ्याने घेतला आहे. या खोऱ्याच्या पश्चिम अंगास किनारपट्टीच्या डोंगररांगा आहेत. त्यांचे खडक प्राचीन काळी समुद्रतळाशी साठलेल्या गाळाचे बनलेले असून त्यांत सेलेनियम, बोरॉन व क्षार मुळातच आहेत. त्या डोंगरांची झीज होऊन पश्चिमेकडील सपाट जमीन तयार झाली. पाऊस अत्यल्प असल्यामुळे ही द्रव्ये मातीत जेथल्या तेथे पडून होती.

१९६० साली अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने या भागासाठी सॅन लुईस प्रकल्पास मंजुरी दिली. पाणी आले, कापूस, टोमॅटो व खरबुजे यांची शेते बहरली. परंतु या जमिनीखाली चिकणमातीचे थर आहेत. पाणी खाली जिरेना, भूजल वर आले आणि मुळांना क्षार लागू लागले. तेव्हा शेतांत भूमिगत सच्छिद्र नळ घालून हे पाणी काढून घेण्यात आले व ते वाहून नेण्यासाठी मोठा निचरा कालवा खोदण्यात आला. हा कालवा खाडीमुखाच्या प्रदेशापर्यंत न्यावयाचा होता. परंतु खर्च व त्या भागातील लोकांचा विरोध यांमुळे सुमारे १३७ किलोमीटर लांबीचा भाग १९७५ पर्यंत पुरा होऊन काम थांबले. कालव्याच्या शेवटी केस्टरसन नावाच्या ठिकाणी सुमारे ५०० हेक्टर क्षेत्रावर बारा उथळ तळी बांधलेली होती. तेथेच ते पाणी साठू लागले. ती जागा पाणपक्ष्यांसाठी राखीव होती, आणि शेतातील निचऱ्याचे पाणी पक्ष्यांस उपयोगी पडेल असा हिशेब त्यामागे होता.

शेतांतील भूमिगत निचऱ्याचे पाणी १९७८ पासून येऊ लागले व १९८१ पर्यंत कालव्यात दुसरे पाणी उरले नाही. १९८२ साली तळ्यांतील मासे नाहीसे झाले. डासांच्या अळ्या खाणारा गंबूशिया हा चिवट मासा तेवढा उरला. १९८३ च्या विणीच्या हंगामात मध्यवर्ती सरकारच्या वन्यजीव खात्याच्या तज्ज्ञांनी पक्ष्यांची ३४७ घरटी शेवटपर्यंत तपासली. त्यांतील सुमारे ४० टक्के घरट्यांत किमान एक मेलेला गर्भ सापडला व सुमारे २० टक्के घरट्यांत किमान एक पिलू वा गर्भ व्यंग असलेला निघाला. कोणास डोळे नव्हते, कोणाची चोच वाकडी होती, कोणाचे पाय अगर पंख अपुरे होते. चांदवा, शेकाट्या, बदके अशा निरनिराळ्या जातींत हे दिसून आले.

तपासणीत कारण सापडले. तळ्यांत येणाऱ्या पाण्यात सेलेनियम सरासरी दर लिटरला सुमारे ३०० मायक्रोग्रॅम, म्हणजे हजार लिटर पाण्यात एक ग्रॅमाचा तिसरा हिस्सादेखील नव्हते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात १० मायक्रोग्रॅमपर्यंत सेलेनियम चालते, त्याच्या तीसपट हे प्रमाण झाले. परंतु खरा घात त्यापुढे झाला. पाण्यातील शेवाळाने ते शोषले, शेवाळ खाणाऱ्या किड्यांत ते वाढले आणि किडे खाणाऱ्या माशांत आणखी वाढले. केस्टरसनच्या गंबूशिया माशांत कोरड्या वजनावर दशलक्षांत शंभराहून अधिक भाग सेलेनियम निघाले. जवळच्याच दुसऱ्या पाणथळीतील त्याच माशांत ते दोन भागांच्याही आत होते. पाण्यात अल्प असलेले विष आहाराच्या साखळीत चढत चढत शेकडोपट झाले होते.

मार्च १९८५ मध्ये सरकारने हा जलाशय बंद करण्याचे जाहीर केले. १९८६ पर्यंत शेतांतून कालव्यात येणारे नळ बुजविण्यात आले व १९८८ साली तळ्यांचे सखल भाग मातीने भरून टाकण्यात आले. पक्ष्यांचा प्रश्न सुटला, परंतु शेतकऱ्यांचा नव्याने उभा राहिला. निचरा बंद झाला आणि पाणी पुन्हा शेतात तुंबू लागले. निचऱ्याची व्यवस्था कोणी करावयाची यावर अनेक वर्षे न्यायालयांत वाद चालला. २०१५ साली मध्यवर्ती सरकार व तेथील सर्वांत मोठी पाणीवाटप संस्था यांच्यात जो समझोता झाला, त्यात किमान एक लाख एकर जमीन कायमची ओलिताबाहेर काढण्याचे ठरले. निचऱ्याचे तोंड कोठे उघडावयाचे हा प्रश्न आधी न सोडविता पाणी आणल्याची ही किंमत होय.

त्याच खोऱ्यातील दुसरा मार्ग

त्याच खोऱ्याच्या उत्तरेकडील ग्रासलँड भागातील शेतकऱ्यांनी मात्र एक निराळी वाट काढली. १९९६ पासून त्यांनी निचऱ्याचे पाणी पाणपक्ष्यांच्या कालव्यांतून वेगळे केले व वर्षाकाठी किती सेलेनियम नदीत सोडावयाचे याची मर्यादा सर्वांनी मिळून स्वीकारली. ही मर्यादा पाळण्यासाठी प्रथम पाणी देण्याच्या पद्धती सुधारल्या, कारण जितके पाणी जमिनीत कमी मुरेल तितका निचरा कमी होतो. त्यानंतर उरलेले खारट पाणी एकत्र करून, क्षार सोसणाऱ्या गवताच्या सुमारे सहा हजार एकर क्षेत्रावर पुन्हा वापरले. पुढील वर्षांत नदीत जाणारे सेलेनियम नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. एकट्याच्या शेतापुरता विचार करून हे साधले नसते.

पंजाबातील जमिनी

सेलेनियमाचा त्रास परदेशापुरता नाही. पंजाबात होशियारपूर व नवांशहर (२००८ पासून शहीद भगतसिंग नगर) या जिल्ह्यांतील काही गावांत तो आढळून आला असून लुधियानाच्या पंजाब कृषि विद्यापीठाने त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. शिवालिक टेकड्यांतून पुराबरोबर आलेल्या गाळात हे द्रव्य होते. या जमिनी खारवट नव्हेत, तर विम्ल व चुनखडीयुक्त आहेत. परंतु सेलेनियम मोकळे होण्यास तेवढे पुरेसे ठरले. गव्हाची पाने पांढरी पडली. जनावरांचे केस गळाले, खूर वाढून तडकले, शिंगे सुटली, काही लंगडू लागली. माणसांच्या नखांवर व केसांवरही परिणाम दिसला.

तेथे एक उपाय गुणकारी ठरला. जमिनीत जिप्सम घातल्याने सल्फेटाची रेलचेल होते आणि मुळे सेलेनेटाऐवजी सल्फेट उचलतात, त्यामुळे पिकातील सेलेनियम उतरते. मात्र जिप्समाने जमिनीतील सेलेनियम नाहीसे होत नाही. शिवाय जेथे विहिरीच्या पाण्यातच ते आहे, तेथे अधिक पाणी पिणारे पीक घेतले की दर पाळीबरोबर नवे सेलेनियम शेतात येते. अशा ठिकाणी पिकाची निवड हाच पहिला उपाय होय. मोहरीवर्गातील पिके सेलेनियम अधिक शोषतात, म्हणून त्यांचा पाला जनावरांस सतत घालू नये.

बोरॉन व मॉलिब्डेनम

बोरॉनाची बाधा प्रथम पिकासच होते. जुन्या पानांची टोके व कडा पिवळ्या पडून तपकिरी होतात आणि वाळतात. हे करपणे क्षारांच्या करपण्यासारखेच दिसत असल्याने फसगत होते. निरनिराळ्या पिकांची सहनशक्ती फार वेगळी असते. मातीतील पाण्यात बोरॉन दशलक्षांत अर्ध्या भागाहून अधिक झाले तर लिंबास ते जाचू लागते. द्राक्ष, संत्रे व कांदा यांची मर्यादा अर्धा ते पाऊण भाग, तर गहू, भुईमूग, तीळ, मूग व सूर्यफूल यांची पाऊण ते एक भाग आहे. ज्वारी, टोमॅटो व लसूणघास चार ते सहा भागांपर्यंत टिकतात, आणि कापूस त्याहूनही अधिक सोसतो. बोरॉन धुऊन काढणे मीठ धुण्याइतके सोपे नाही. त्यास दुप्पट-तिप्पट पाणी लागते. यास्तव, जमिनीचा खारटपणा उतरला म्हणून लगेच द्राक्षाची लागण करणे शहाणपणाचे नव्हे. अगोदर बोरॉनाची तपासणी करून घ्यावी.

मॉलिब्डेनमाने पिकास सहसा इजा होत नाही, म्हणून ते अधिक फसवे आहे. चाऱ्यात ते जास्त झाले की जनावराच्या शरीरास तांबे मिळेनासे होते. गुरे सतत हगवणीने खंगतात, अंगावरील केसांचा रंग उतरतो, दूध आटते. द्विदल चाऱ्यात हे द्रव्य अधिक येते. अशी लक्षणे दिसल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच तांब्याचा पुरवठा करावा, कारण मोरचूद मनाप्रमाणे दिल्यास त्याचीच विषबाधा होते. शेळ्या-मेंढ्यांस तर विशेषच.

महाराष्ट्रातील परिस्थिती

नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि पुढील पंचवीस वर्षांतच त्या खोऱ्यातील जमिनी खारट होऊ लागल्या. डॉ. हॅरॉल्ड मॅन व ताम्हणे यांनी त्यांचा अभ्यास करून १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेती खात्यामार्फत त्यावर पत्रिका प्रसिद्ध केली. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील ऊसपट्ट्यांत हा प्रश्न आजही आहे. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा निसर्गतःच खारा आहे.

तथापि, सॅन वॉकीनचे वर्णन वाचून येथील शेतकऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. दख्खनची काळी जमीन ज्वालामुखीच्या बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. समुद्रतळाच्या सेलेनियमयुक्त गाळापासून ती झालेली नाही. म्हणून तेथील विष येथेही असेलच असे मानणे चूक ठरेल. परंतु तपासल्याशिवाय ते नाही असे मानणेही तितकेच चूक आहे. बोरॉनाचा प्रश्न खारट विहिरींच्या पाण्याशी निगडित आहे. शहरांच्या व कारखान्यांच्या सांडपाण्यातून कॅडमियमासारखी द्रव्ये ज्या जमिनीत येतात, ती जमीन खारवटही असेल तर धोका दुहेरी होतो. आज गावोगावी भूमिगत निचऱ्याची कामे होत आहेत. ती आवश्यकच आहेत. मात्र निचऱ्याचे पाणी कोठे जाते व त्यात काय आहे, हे दोन प्रश्न प्रत्येक योजनेत आरंभीच विचारले गेले पाहिजेत.

काय करावे?

१. मृद आरोग्य पत्रिका नीट वाचावी. २०१५ साली सुरू झालेल्या या पत्रिकेच्या बारा बाबींत सामू, विद्युतवाहकता व बोरॉन आहेत, परंतु सेलेनियम, आर्सेनिक व कॅडमियम नाहीत. त्यांची तपासणी वेगळी मागावी लागते. पत्रिकेतील बोरॉनाचा आकडाही मुख्यतः कमतरता पाहण्यासाठी वापरतात. खारवट शेतात तो जास्त तर नाही ना, हेही पाहावे.

२. खारवट शेतातील मातीचे नमुने ० ते ३०, ३० ते ६० व ६० ते ९० सेंटिमीटर अशा तीन थरांतून निरनिराळे घ्यावेत. वरचा पांढरा पापुद्रा त्यांत मिसळू नये. तो वेगळ्या पिशवीत भरावा.

३. विहीर, कूपनलिका व निचऱ्याचे तोंड यांतील पाण्याचे नमुने स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत, त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळून घ्यावेत. काचेच्या बाटलीतून बोरॉन पाण्यात उतरू शकते, म्हणून ती वापरू नये. विषद्रव्यांच्या तपासणीसाठी नमुना पाठविण्यापूर्वी प्रयोगशाळेस विचारून तिच्या सूचनेप्रमाणे वागावे. राहुरी व अकोला येथील कृषि विद्यापीठांचा सल्ला याबाबत घेता येईल.

४. शेतात दोन मीटर खोलीची सच्छिद्र नळी उभी पुरून भूजलाची पातळी दर महिन्यास मोजून लिहून ठेवावी. पातळी वर येत असेल तर पाण्याच्या पाळ्या लांबवाव्यात व उसास ठिबकाने पाणी द्यावे. कमी मुरलेले पाणी म्हणजे कमी निचरा, हा नियम ध्यानात ठेवावा.

५. निचऱ्याचे पाणी गावतळ्यात, पाझर तलावात अगर बंद डबक्यात सोडू नये. साचलेले पाणी आटते आणि द्रव्ये घट्ट होत जातात. तपासणी होईपर्यंत ते जनावरांस पाजू नये व त्यातील मासे खाऊ नयेत.

६. जनावरांचे केस गळणे, खूर तडकणे, न थांबणारी हगवण ही लक्षणे एकाच शिवारातील अनेक गोठ्यांत दिसली, तर गावपातळीवरील कार्यकर्त्याने पशुवैद्यकास व कृषि अधिकाऱ्यास एकाच वेळी कळवावे. बाधित शिवाराचा चारा तूर्त बाहेरील चाऱ्यात मिसळून घालावा.

७. चोपण जमिनीत जिप्सम, धैंचा व शेणखत यांचा उपयोग शिफारशीप्रमाणे चालू ठेवावा. विषद्रव्य आढळल्यास त्यास सोसणारे व अन्नात ते कमी नेणारे पीक तज्ज्ञांच्या सल्ल्याने निवडावे. सांडपाणी मिळते म्हणून ते खारवट शेतात घेऊ नये.

गावाने मिळून करावयाचे काम

पाणी बांधावर थांबत नाही. वरच्या शेतकऱ्याने दिलेले जादा पाणी खालच्याच्या मुळाशी येते आणि खालच्याचा निचरा ओढ्याकाठच्या गोठ्यापर्यंत पोहोचतो. म्हणून निचऱ्याची आखणी शेतवार न करता पाणलोटवार व्हावयास हवी. पाणी वापर संस्थांनी दरसाल पावसाळ्यापूर्वी निचऱ्याच्या तोंडावरील पाण्याचा एक नमुना तपासून त्याचे आकडे ग्रामसभेपुढे ठेवण्याचा प्रघात पाडावा. एका नमुन्याचा खर्च उसाच्या एका गाडीच्या किमतीपुढे काहीच नाही. केस्टरसनच्या तळ्यांत पाणी सोडण्यापूर्वी सेलेनियमासाठी अशी तपासणी झाली असती, तर पक्ष्यांची पिले वाचली असतीच, आणि त्या खोऱ्यातील शेतकऱ्यांसही आपल्या निचऱ्याचे नळ बुजलेले पाहण्याची वेळ आली नसती.